पाठिंब्याचा संप

आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात संपाचं कुणाला नवल नाही. इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी ‘वाटाघाटी’ हा शब्द येतो. तरीपण पाठिंब्याचा संप आपल्याच पोटात होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की, माझं पित्ताशय खड्यांसकट सेवानिवृत्त करण्यात आलं. दुर्बिणीनं भागेना, म्हणून पोट उघडावं लागलं आणि बरगड्यांखाली वीतभर शिवण आली. आता छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा एक घुमटाकार स्नायू असतो. दिवसाला वीसेक हजार वेळा खाली-वर होतो. ना ओव्हरटाइम, ना बोनस. सर्जनसाहेबांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. पण शेजारच्या अवयवांची हलवाहलव झाली, की त्याला मिळणारे मज्जातंतूंचे हुकूम मंदावतात आणि हे महाशय काम रेंगाळत करू लागतात. वर टाके दुखतात ते वेगळंच.

मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू गाडा ओढतात. संपात साहेबलोक मशिनवर उभे राहतात ना, तसे! धडपड फार, उत्पादन कमी. श्वास वरचेवर होतो, फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथले बारीक फुगे मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला आयतं दार उघडं मिळतं.

वाटाघाटींना आली फिजिओथेरपीवाली मुलगी. तिनं दोन्ही तळवे माझ्या खालच्या बरगड्यांवर ठेवले. “काका, श्वास सोडा.” सोडताना तिचा हलका दाब आला. “आता नाकानं घ्या, आणि माझे हात बाहेर ढकला.” वीस वर्षं बँकेत फायली पुढं ढकलणाऱ्या मला हे अवघड नव्हतं, पण हात तसूभर हलले नाहीत. ती रागावली नाही. दाब कमी केला आणि म्हणाली, “पुन्हा.”

मग तीन चेंडूंचं यंत्र आलं. नळी ओढली. पहिला चेंडू वर गेला, दुसरा विचारात पडला, तिसऱ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर खोकणं. “उशी पोटाशी घट्ट धरा आणि खोका. टाके उसवत नाहीत.” भेटायला येणारे मित्र मात्र विनोद सांगत. उशी धरून हसणारा माणूस त्या वॉर्डानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

खरं तर ही बोलणी संपाआधीच करावीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टनं फक्त अर्धा तास श्वासाचे व्यायाम शिकवले, तर नंतरचे फुप्फुसांचे त्रास निम्म्यावर आले. १९५५ पासून याच पिंपरीत सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. न्यूमोनिया झाल्यावरची सोय आमच्या गावानं देशाला दिली. तो होऊच नये म्हणूनची सोय मात्र दोन तळव्यांत असते, आणि तिला शीशी लागत नाही.

चौथ्या दिवशी श्वासाबरोबर पोट वर आलं. तिचे हात चक्क बाजूला सरकले. सहाव्या दिवशी तिन्ही चेंडू वर गेले, तेव्हा आमच्या सौ.नी आणि शेजारच्या खाटेवरच्या चाकणच्या कांदेवाल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बँकेत इतकी वर्षं रोकड पैशापर्यंत जुळवली. टाळी कुणी वाजवली नव्हती.