देव्हाडीचा सांधा

एका संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवल्या तरी एका वेळी चालते एकच. देव्हाडीला, म्हणजे तुमसर रोड जंक्शनवर, हावडा-मुंबई मार्गापासून तिरोडीची शाखा फुटते. गाडी कुठल्या रुळावर जायची ते सांध्यावर ठरते. संगणकातले हे सांधेवाल्याचे काम ग्रब नावाचा छोटासा प्रोग्रॅम करतो. बटण दाबले की पडद्यावर उबुंटू लिनक्स आणि विंडोज अशी दोन नावे येतात, आणि उबुंटूच्या मूळ मांडणीत दहा सेकंदांत कोणी बाण हलवला नाही, तर वरचे नाव आपोआप सुरू होते.

लिनक्सचा गाभा १९९१ सालचा, उबुंटू २००४ चे. २०११ पर्यंत त्याच्या सीड्या मागणी नोंदवली की टपालाने फुकट येत. धिम्या इंटरनेटच्या गावांना हा मोठाच आधार. विंडोज मात्र काढवत नसे. छापखान्यातल्या पत्रिका, बिलबुके, हँडबिले यांचा साठा विंडोजवरच्या पेजमेकरमध्ये आणि अक्षरे कृतिदेवची. हा फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतो. तो नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा! युनिकोडने पुढचा घोळ मिटवला, मागच्या फायली तशाच राहिल्या. दोन प्रणाली हौसेने आल्या असतील, टिकल्या त्या जुन्या कामापायी.

बसवताना विंडोज आधी, लिनक्स नंतर. जुन्या यंत्रांवर क्रम उलटला तर विंडोज सांध्याची जागा बळकावते आणि लिनक्स डिस्कवर असूनही दिसेनासे होते.

खरी गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक. लिनक्स बंद करून विंडोज उघडले, की तुमसरात अकरा वाजलेले असताना कोपऱ्यात साडेपाच. नवा सेल घालूनही वेळ मागेच, कारण दोष सेलचा नसतोच. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा पुरते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रांत आता पुन्हा लिनक्ससाठी जागा काढली जाईल. डिस्कचे विभाजन करण्याआधी फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी. चुकीचा भाग पुसला गेला तर ग्रब काही तो परत आणून देत नाही.