सोवळें आणि सोनमासे

स्वच्छतेचा अतिरेकही घातक होतो, हा धडा आम्हांस साठीनंतर सोनमाशांनीं दिला.

आमच्या वाशीमच्या घरीं नातवंडांनीं कांचेच्या पेटींत हे मासे पाळले आहेत. त्यांनीं अंडीं घालावीं म्हणून वीतभर धाग्यांचा झुबका बुचास बांधून पाण्यांत सोडतात. सूत कुजतें, म्हणून धागा कृत्रिम लोकरीचा. कांहीं दिवसांनीं झुबक्यावर बुळबुळीत लेप चढला. किळस येऊन आम्हीं तो नळाखालीं खसखसून धुतला. पुढें माशांनीं त्यावर अंडीं चिकटविलीं. आईबापच अंडीं खातात, म्हणून झुबका निराळ्या भांड्यांत ठेवला. ४-५ दिवसांत पिलें निघालीं. आठवड्यांत सारीं मेलीं. धाकटी नात आमच्याशीं बोलेना.

दोष आमचाच. तो लेप मळ नव्हता. सूक्ष्म जंतूंनीं चिकट द्रव्यांत वसविलेलें तें गांवच होतें. त्यावर आणखी सूक्ष्म जीव चरतात. पोटांतील बलक २-३ दिवसांत सरला, कीं पिलांच्या इवल्या तोंडांत मावणारा पहिला घांस तोच. आम्हीं नेमकें तेंच धुऊन टाकलें होतें.

दुसऱ्या खेपेस नवा झुबका उकळून रंग काढला आणि पेटींतील मुरलेल्या पाण्यांत ३ आठवडे तसाच राहूं दिला. पांढरीं पडलेलीं अंडीं मात्र वेचून टाकलीं. नाहींतर बुरशी पसरते. या वेळीं पिलें जगलीं.

जन्मभर आम्हीं मुलांस पाटी पुसावयास शिकविलें. सर्वच पुसावयाचें नसतें, हें आतां नातीपासून शिकत आहों.