डाव्या हाताची सही

नागपूरचा मे महिना ज्याने पंख्यावाचून काढला आहे, तो समाधानावर सहसा प्रवचन देत नाही. मीही देणार नाही. एक आठवण तेवढी सांगतो.

१९७२ साल. मोहननगरातले आमचे दोन खोल्यांचे घर. त्या वर्षी फेब्रुवारीत बाबांचा उजवा हात कारखान्यातल्या यंत्रात सापडला आणि मनगटापासून गेला. हाताच्या मागोमाग नोकरीही गेली. आई शेजारणींची पोलकी शिवू लागली. विजेचे बिल थकले, तेव्हा कंदील खाली उतरला.

रात्री त्या कंदिलाभोवती आमची प्रार्थना होई. आई टिळकांचे एखादे गीत म्हणे. मग प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानायचे. हा नियम घरात माझ्या जन्माआधीपासूनचा. बरे दिवस होते तोवर तो पाळणे सोपे होते.

"आज नळ थोडा जास्त वेळ चालला," धाकटी बहीण म्हणाली. माझी पाळी आली. मी चौदा वर्षांचा होतो.

"मला काही सांगायचे नाही. बाबांचा हात गेला, त्याचेही आभार मानायचे का?"

आई रागावेल अशी माझी अपेक्षा होती. खरे म्हणजे तशी इच्छाच होती. तिने वात जरा खाली केली.

"नाही बेटा," ती म्हणाली. "हाताचे मला रडू येते. ते मी देवापाशी रडते. रडून झाले की मग आभार मानते. आधी नाही."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते काहीच बोलले नाहीत.

त्याच दिवसांत आईने कोणाकडून तरी 'स्मृतिचित्रे' मागून आणले. दुपारी काजे-गुंड्या करता करता ती आम्हांला मोठ्याने वाचून दाखवी. लक्ष्मीबाई टिळकांचे ते पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी निघाले. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा प्रसंग आला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज त्या घरात चालत नसे! आई वाचता वाचता हसू लागली आणि भिंतीकडून आणखी एक हसू ऐकू आले. हात गेल्यानंतर बाबा प्रथमच हसले होते.

टिळकांचा आणि नागपूरचा संबंध आईच्या विशेष जिव्हाळ्याचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा भरला संसार मोडला. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, खूप रडल्या. पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. दुःखाची एवढी शिदोरी असलेल्या बाईने पुस्तक लिहिले, त्यात कडवटपणा जवळजवळ नाही. रडणे आहे आणि हसणेही आहे. दोन्ही एकाच ओळीत बसतात, आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. आई सांगत होती ते याहून वेगळे नव्हते.

जूनच्या तोंडावर एका रात्री माझी पाळी मी पुन्हा चुकवली. तेव्हा बाबा उठून बसले.

"आज मी सांगतो," ते म्हणाले. त्यांनी उशीखालून बहिणीची पाटी काढली. तिच्यावर त्यांचे नाव होते. अक्षरे पडकी, वेलांटी भलतीकडे. "आज डाव्या हाताने पुरे नाव आले. तुझे प्रगतिपुस्तक आण. सही राहिली आहे ना?"

मी ते आणले. सही करायला त्यांना पाच मिनिटे लागली. तोवर कोणी बोलले नाही.

पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते बंदिवासातून. समाधान आपल्याला मिळाले असे तो म्हणत नाही. ते आपण शिकलो असे म्हणतो. ते पत्र मी अनेकदा ऐकले होते. पण त्या शब्दाचा अर्थ मला पाटीवरच्या त्या वेलांटीने सांगितला. बाबांचा हात काही परत आला नाही. श्रद्धेने आमचे बिलही भरले नाही. ते आईच्या मशीनने भरले. पण तो उन्हाळा आम्हांला माणसातून उठवून गेला नाही, याचे श्रेय मी त्या कंदिलाखालच्या नियमाला देतो.

आता आईही नाही, बाबाही नाहीत. मी सत्तरीकडे झुकलो आहे. गेल्या वर्षी पत्नी गेली. त्यानंतर कित्येक महिने मी आईच्या नियमातला पहिलाच भाग पाळला. दुसऱ्यापर्यंत पोचतच नव्हतो, आणि पोचण्याची घाईही केली नाही.

परवा आंबिया बहाराची संत्री बाजारात दिसली. घरी येऊन सवयीने दोन सोलली. मग ध्यानात आले. बराच वेळ ताटलीकडे पाहत बसलो. शेवटी एक खाल्ले आणि दुसरे शेजारच्या पोरीला नेऊन दिले.

संत्रे गोड होते. त्या रात्री देवाला मी तेवढेच सांगितले.