सावड

आषाढ लागला की जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडच्या वाड्यांवर दिवसदिवस ऊन दिसत नाही. अशाच एका सकाळी मी तिथल्या अंगणवाडीच्या पडवीत बसलो होतो. आयाबाया भाताच्या आवणीला गेलेल्या. मदतनीस मावशींनी आत खिचडी चढवली होती आणि पागोळ्यांचं पाणी अंगणातून वळून उंबऱ्याकडे यायला लागलं होतं.

अंगणवाडीच्या बाई उठल्या. मला वाटलं, खराटा घेऊन लोटून देतील. पण दाराशी उभ्या राहून त्या पोरांना म्हणाल्या, “आरं, पाणी आत शिरतंय. काय करायचं मंग?” आणि पुन्हा खाली बसल्या.

लाल फ्रॉकातल्या एकीनं चार दगड आणून ओळीनं मांडले. फटींतून पाणी आलंच. एका पोरानं ओंजळभर चिखल थापला, तो पागोळीखाली बघता बघता वाहून गेला. मग एका विटेवरून दोघांची जुंपली. ओढाओढ, रडारड. बाईंचा हात उचललेला मला दिसला. तो तसाच परत मांडीवर आला. तोवर तिसऱ्यानं वीट घेऊन मधोमध ठेवलीसुद्धा.

लाल फ्रॉकवालीनं आता गवत उपटून आणलं आणि चिखलात कालवलं. घरी खाचराचा बांध लिंपताना तिनं पाहिलं असणार. मग कोणी गवत आणी, कोणी कालवी, दोघं थापत बसले. बांध उभा राहिला आणि मागं पाणी तुंबून चढायला लागलं. सगळी गप्प. तेव्हा इतका वेळ भिंतीशी अंगठा चोखत बसलेलं, जेमतेम तीन वर्षांचं एक पोर उठलं आणि कडेला काठीनं उकरायला लागलं. “त्येला जाऊ द्या ना,” एवढंच म्हणालं. बाकीचे हातानंच चर खणायला लागले. पाणी वळलं आणि खालच्या खाचरात उतरलं.

शहरातल्या शाळांच्या माहितीपत्रकांत याला टीमवर्क म्हणतात. या डोंगरात सावड म्हणतात. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. हिशेब असतो तो पैशांचा नव्हे, पाळीचा. राबातली रोपं फार दिवस थांबत नाहीत आणि एका घराच्या हातांनी आवणी उरकत नाही. आंबेगावात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडेही हेच. आई चिखलात वाकलेली असते तेव्हा तान्हं बांधावर असतं. पूर्वी इरल्याच्या आडोशाला, आता प्लास्टिकच्या कागदाखाली. सावड त्याच्या डोळ्यांसमोर चाललेली असते.

मूल असं आपल्या अंगणातल्या कामातूनच शिकतं, हे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पानं आली. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.  

त्या विटेवरच्या भांडणानं मला पोलंडमधलं वॉर्सा आठवलं. तिथं यानुश कोर्चाक हे ज्यू डॉक्टर १९१२ पासून ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवत. आश्रमात मुलांचं न्यायालय होतं. तक्रारींचा निवाडा मुलंच करत आणि खुद्द डॉक्टरांनाही त्या न्यायालयापुढं यावं लागे. लहानांवर इतका विश्वास टाकायला मोठ्या माणसाजवळ धीर लागतो. त्या सकाळी माझ्याजवळ तो नव्हता. मी दोनदा उठायला गेलो होतो.

“तुम्ही हात का आवरला?” मी बाईंना विचारलं.

“उद्या बी पाणी येणारच आहे ना,” त्या म्हणाल्या.

खिचडीची ताटं वाढून झाली तशा त्या मोबाईल घेऊन बसल्या. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळ्या नोंदी त्यात भरायच्या. रेंज मिळेना म्हणून उठून उंचवट्यावर गेल्या, डोक्यावर कागद धरून. पोरं दारातून त्यांच्याकडे बघत होती.

हात आवरून पोरांपाशी बसायलाही वेळ लागतो. जे कोणी या नोंदी मागतात, त्यांनी तेवढा वेळ या बायांना परत द्यावा.