बोगमाळोचं सी हॅरियर
मराठा लाइट इन्फंट्री आणि सांबऱ्याचं हवाई दल आपल्या बेळगावकरांना घरचंच. नौदलाचं लढाऊ विमान पाहायचं तर मात्र चोर्ला घाट उतरावा लागतो, निपाणीकरांना आंबोली. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथलं सी हॅरियर निवांत पाहा.

1983 मध्ये ही विमानं आली तेव्हा वरून गडद करडी, पोटाला पांढरी होती. आदल्याच वर्षी फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनी तो पांढरा रंग झाकून टाकला होता, कारण विमान वळलं की पोट लांबून चमकायचं. पुढे आपल्या विमानांचं पोटही करडं झालं.

पोटाखाली 30 मिलिमीटरच्या दोन तोफा. पंखांखाली हवेतल्या शत्रूसाठी मॅजिक, जहाजांसाठी सी ईगल क्षेपणास्त्रं. पण हे विमान जहाजावर सरळ खाली उतरायचं, आणि उष्ण हवेत इंजिनाचा जोर घटतो. त्यामुळे शस्त्रांचा हिशेब परतीचं वजन धरूनच करावा लागे.

11 मे 2016 रोजी ती निवृत्त झाली. ‘यात किती बॉम्ब मावतात?’ असं मुलांनी विचारलं तर सांगा, परत उतरता येईल इतकेच.