टाचेखालची माती

भात कापून झालं की धरमतर खाडीच्या काठची खारजमीन उन्हानं तडकते. पावसाळ्यात पोटरीभर चिखल असलेल्या खाचरात जानेवारीत पाऊल टाकलं, तर धसकटं बुटाखाली करकरतात. अशाच एका खाचरात एक तरुण रायडर दर हिवाळ्यात तीस पावलांची पट्टी आखतो, डर्ट बाईक तिच्या टोकाला उभी करतो आणि फक्त निघतो. वळण नाही, उडी नाही. तीस पावलं जायचं, बाईक ढकलत मागे आणायची, पुन्हा निघायचं. बांधावरून जाणाऱ्यांना वाटतं, गाडी बिघडली आहे.

याच धरमतरहून पोहणारे गेटवे ऑफ इंडियापर्यंतचं सुमारे 36 किलोमीटरचं अंतर कापतात. त्यांना ओहोटी साधावी लागते. पहिल्या दहा सेकंदांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. मोटोक्रॉसमध्ये मात्र त्या दहा सेकंदांतच पुष्कळ काही ठरून जातं. मोठ्या शर्यतीत सुरुवातीच्या आडव्या गेटवर 40 गाड्या एका ओळीत उभ्या असतात आणि पहिल्या वळणावर जेमतेम पाच-सहा जणांची जागा. तिथं जो आधी पोचला त्याचा होलशॉट. बाकीच्यांच्या चष्म्यावर पुढच्या चाकांनी उडवलेली माती.

28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधला मोटोक्रॉस: ट्रॅक आखूड, पुढच्याला मागे टाकायला जागा कमी. म्हणून सुपरक्रॉस पाहायला जाणाऱ्यानं उड्यांइतकंच गेटकडेही लक्ष द्यावं. खरी कारागिरी तिथं दिसते.

आंतरराष्ट्रीय नियमांत आधी 15 सेकंदांची पाटी दाखवतात, मग 5 सेकंदांची. त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत कधीही गेट पडतं. नेमकं कधी, याचा अंदाज बांधता येत नाही आणि बांधूही नये. गेट रायडरच्या दिशेनं पडतं. आपला हा रायडर पहिल्याच शर्यतीत निमिषभर आधी सुटला. पुढचं चाक गेटवर टेकलं, त्याच्या दाबानं गेट पडेना. त्याला बाईक मागे ओढावी लागली, तोवर बाकीची रांग वळणावर पोचली होती. तेव्हापासून तो पाटी धरणाऱ्याकडे पाहत नाही, शेजाऱ्याकडे तर नाहीच. नजर समोरच्या गेटवर, ते हलण्याच्या पहिल्या चाहुलीवर.

बसणं टाकीजवळ, कोपरं वर, डोकं हँडलच्या वर, दोन्ही पाय जमिनीवर. अंग जास्त पुढे गेलं तर मागचं चाक जागीच फिरतं, मागे राहिलं तर पुढचं उचलतं. त्याची 250 सीसीची फोर-स्ट्रोक तो दुसऱ्या गिअरमध्ये काढतो. पहिला लगेच संपतो आणि ऐन जोरात गिअर बदलण्यात वेळ जातो. पुढचा फोर्क दाबून अडकवून ठेवणारी होलशॉट खटकी त्यानं बसवली आहे. पुढचं चाक उचलू नये म्हणून ती असते आणि पहिल्या वळणाच्या ब्रेकला आपोआप सुटते.

आणि क्लच. थ्रॉटल एका जागी स्थिर, सगळं काम डाव्या हाताच्या दोन बोटांचं. क्लच एकदम सोडला की बाईक उधळते किंवा बंद पडते. खाडीत होडी सोडताना दोर हातातून सरकू देतात, तसा तो सरकू द्यावा लागतो: आधी ताण जाणवेपर्यंत, मग चाकाला माती धरू देत. एक्झॉस्टवर पैसे घालण्याआधी नवख्या मुलांनी या दोन बोटांवर एक हिवाळा घालवावा.

पण त्याची मोठी शिकवणी घरची आहे. उधाणानं बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली की त्याचे काका ती बुजवायला जातात. चिखलाचा गोळा टाकायचा, टाचेनं तुडवायचा, मग दुसरा. भुसभुशीत मातीवर टाकलेला गोळा पाण्यात जातो, हे त्यानं लहानपणी पाहिलं. "आधी खालची माती बघ, मग वरची टाक," असं काका सांगत.

गेटमागे जागा तयार करायची मुभा असते तेव्हा तो तेच करतो. मागच्या चाकाखालची सुटी माती बुटानं बाजूला सारतो, खालचा घट्ट थर लागला की टाचेनं दाबत जातो, चाक जाईल ती रेघ सरळ करतो. माती कोरडी असेल तर भुगा उरू देत नाही. ओली असेल तर आधीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी तपासतो, तिला बाक असेल तर ती जागाच सोडतो. शेजारचे तोवर इंजिन गरम करत असतात.

खाचरातल्या सरावाचा हिशेबही मातीतच राहतो. निघणं बिघडलं तर मागच्या चाकाखाली वीतभर खड्डा पडतो. जमलं तर दोन-तीन बोटं खोल, सरळ ओरखडा उमटतो आणि पुढे उथळ होत जातो. संध्याकाळी पोयनाडच्या बाजूला ऊन उतरलं की तो गुडघ्यावर बसून शेवटच्या ओरखड्यात बोटं घालून पाहतो, सगळे खड्डे टाचेनं बुजवतो आणि बाईक ढकलत बांधावर चढवतो. पावसात इथं पुन्हा लावणी व्हायची आहे.