कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता

कुठल्याही सरकारी फॉर्मवर पत्त्याचे दोन रकाने असतात. एक कायमचा, दुसरा सध्याचा. गाव सोडून शहरात आलेल्या आमच्यासारख्यांना या दोन रकान्यांची चांगली सवय आहे. पहिल्यात गाव लिहायचं, दुसऱ्यात भाड्याची खोली. लॅपटॉपचंही नेमकं असंच असतं, हे मात्र मला कामाच्या निमित्ताने कळलं.

मी पुण्यातल्या एका ऑफिसात मजकूर तपासतो आणि पानं लावतो. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस. तिथे टेबलावर वायर येते. उरलेले दिवस कोंढव्यातल्या खोलीवरून काम, तिथे वाय-फाय. महिन्यातून एकदा सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी जातो. घरी फक्त मोबाईलचा हॉटस्पॉट. धाकट्या भावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथे पुन्हा वायर. म्हणजे लॅपटॉप एक आणि नेटवर्क चार.

लॅपटॉपमधल्या प्रत्येक नेटवर्क-यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. हा त्याचा कायमचा पत्ता समजा. यात गंमत अशी की, वायरचा मॅक वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. आजच्या पातळ लॅपटॉपला वायर लावायला जागाच नसते, म्हणून आपण यूएसबीचा छोटा जोड विकत घेतो. त्याचाही मॅक स्वतंत्र. काही ऑफिसांत ओळखीच्या मॅकलाच आत घेतात. तिथे नोंद नसलेला जोड मागून लावला, की लॅपटॉप तोच असूनही नेटवर्क तुम्हाला परका समजतं.

आयपी ॲड्रेस म्हणजे सध्याचा पत्ता. तो यंत्राचा नसतो, जागेचा असतो. तुम्ही नेटवर्कमध्ये शिरलात की लॅपटॉप हाक मारतो, “मला इथला पत्ता कोणी देईल का?” राउटर एक पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीसाठी. १९९३ साली आलेल्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखंच हे आहे. मुदत संपत आली की नूतनीकरण करायचं. हाकेला कोणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. हा आकडा दिसला, की समजायचं विचारणा झाली, पण घरमालक काही बोलला नाही.

अडचण येते ती पत्ता हाताने ठोकून बसवल्यावर. आमच्या ऑफिसात वायरवर पत्ता आपोआप मिळत नाही. तिथल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने प्रत्येक लॅपटॉपला कायमचा आकडा घालून दिलेला आहे. ऑफिसात ते उत्तम चालतं. हा लॅपटॉप बाहेर गेल्यावर काय होईल, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

ते कळलं भावाच्या दुकानात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. दुकानातला कॉम्प्युटर सकाळपासून बंद पडलेला. बाकावर तीन मुली आणि एकीची अम्मी. हातात उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, गुणपत्रिका. मी लॅपटॉप काढला, वायर लावली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला, पण पान उघडेना.

भाऊ म्हणाला, “भाई, बत्ती तो जल रई, फिर नेट कायकू नई?”

प्रश्न अगदी बरोबर होता. दिवा एवढंच सांगतो की, वायर धड आहे आणि पलीकडे कोणीतरी आहे. पलीकडच्याशी तुमची भाषा जुळते का, हे दिवा सांगत नाही. दुकानातला राउटर १९२.१६८.१ च्या मोहल्ल्यातला आणि लॅपटॉपच्या वायरवर ऑफिसचा १९२.१६८.१० चा पत्ता. वर लॅपटॉप बाहेर जायचा रस्ता शोधत होता तोही ऑफिसच्या दारातून, जे दार अडीचशे किलोमीटरवर होतं.

भावाने मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला. तरी पान उघडेना. कारण वायर आणि वाय-फाय दोन्ही चालू असले, की विंडोज साधारणपणे वायरला आधी पसंती देतं. प्रत्येक वाटेला ते एक आकडा देतं, ज्या वाटेचा आकडा लहान ती आधी. वेगवान वायरचा आकडा सहसा लहान असतो. वाट पुढे बंद आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. वायर काढली तेव्हा हॉटस्पॉटवर पान उघडलं. पण बाजाराच्या वेळी मोबाईलचं नेट इतकं मंद, की दाखल्याची पीडीएफ चढता चढता अडकायची. एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आज नाही झालं तर वर्ष जाईल ना?”

मग सेटिंगमध्ये जाऊन वायरचा पत्ता ‘आपोआप’वर टाकला. वायर पुन्हा लावली. काही सेकंदांत दुकानाच्या राउटरने पत्ता दिला आणि एकामागून एक तिन्ही फॉर्म भरले गेले. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात एकीने वसतिगृहाचा पत्ता सांगितला, तेव्हा मला मनातल्या मनात हसू आलं.

पण सोमवारी ऑफिसात तो जुना आकडा पुन्हा लागणारच होता. दर वेळी लिहायचा आणि पुसायचा का? त्याची गरज नाही. विंडोजमध्ये आयपीच्या खिडकीत ‘ऑल्टरनेट कॉन्फिगरेशन’ नावाचा दुसरा कप्पा आहे. मुख्य कप्पा ‘आपोआप’ ठेवायचा आणि ऑफिसचा आकडा या दुसऱ्या कप्प्यात लिहायचा. लॅपटॉप आधी पत्ता मागतो. थोडा वेळ वाट पाहूनही कोणी दिला नाही, तरच दुसरा कप्पा उघडतो. आमच्या ऑफिसात वायरवर पत्ता देणारं कोणी नाही, म्हणून तिथे हे बरोबर बसतं. मॅकमध्ये ‘लोकेशन’ नावाने प्रत्येक जागेची मांडणी वेगळी साठवता येते. लिनक्समध्येही वेगवेगळे प्रोफाइल करता येतात.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महत्त्वाची मीटिंग चालू असताना वायरवरून वाय-फायवर उडी मारू नका. बरीचशी जोडणी दोन्ही बाजूंच्या पत्त्यांवर बांधलेली असते. तुमचा पत्ता बदलला की जुनं बोलणं तुटतं, नव्याने जोडावं लागतं. जागा बदलायची ती बोलणं सुरू होण्याआधी.

वायर चांगली की हवा, हा वाद मला फारसा पटत नाही. दोघं एकाच घरातले आहेत. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या चमूने बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. ते वाचून रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत वायरचं इथरनेट सुचलं. नाव दिलं ईथरवरून, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं एकेकाळी मानलं जायचं त्या अदृश्य माध्यमावरून. वायरचं नाव हवेतून आलं आणि १९९७ च्या वाय-फायने इथरनेटच्या घरातल्या बऱ्याच रीती उचलल्या. वायर स्थिर असते, पण तांब्याची असेल तर शंभर मीटरच्या आत. वाय-फाय कुठेही फिरू देतं, पण भिंत आली की दमतं. माझ्या खोलीत मालकाचा राउटर खालच्या मजल्यावर आहे. ५ गिगाहर्ट्झ जिन्यातच थांबतं, २.४ वर येतं.

ही खोली मिळण्याआधी मी सात-आठ घरं पाहिली होती. दोन ठिकाणी फोनवर सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर “कळवतो” म्हणून फोन ठेवला गेला. ते काही अजून कळवलेलं नाही. राउटरही कधी कधी नकार देतो, पण तो निदान पासवर्ड विचारतो. पासवर्ड बरोबर असेल, तर पत्ता देतो.

गावाहून निघताना भावाने माझ्याकडून ‘आपोआप’ कुठे असतं ते लिहून घेतलं. त्याच्याकडे आता बाहेरगावचे लॅपटॉप घेऊन पोरं येतात. दिवा जळतोय आणि नेट नाही, अशी तक्रार आली, की तो आधी सध्याचा पत्ता कुठला आहे ते पाहतो.